चलन व्हॉट्सॲपवर आलं, पैसे सरकारकडं गेलेच नाहीत

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. फाउंड्रीतून आलेली कास्टिंग्ज साफ करून, मशीनिंग करून पुढं द्यायची. फेटलिंगचा, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायचा ठेका अण्णांकडं, जादाचं मशीनिंग बाहेरच्या एका भागीदारी फर्मकडं. जुलै २०२४ मध्ये एका दुपारी अण्णा ऑफिसात आले ते खुर्चीवर बसलेच नाहीत.

“मालक, माझं चाळीस हजार आठशे कुठं हाईत?”

मला वाटलं, बिलाचं काहीतरी राहिलंय. पण ते विचारत होते कापलेल्या टीडीएसचं, म्हणजे बिलातून कापून त्यांच्या नावानं सरकारला भरायच्या कराचं. पोरीच्या कॉलेजची फी त्या रिफंडातून भरायचा त्यांचा बेत होता. त्यांच्या सीएनं २६-एएस, म्हणजे आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणारा तक्ता उघडला, तर एप्रिल २०२३ पासून आमच्या युनिटची नोंदच नाही. मी त्यांनाच सुनावलं, तुमच्या सीएला नीट बघायला सांगा. चलनांची, म्हणजे कर भरल्याच्या पावत्यांची फाइलसुद्धा त्यांच्यापुढं टाकली. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मागच्या वर्षी धंद्याची उलाढाल एक कोटीच्या वर असेल, तर एकट्या मालकालाही ठेकेदाराच्या बिलातून टीडीएस कापावा लागतो, कलम १९४-सी. ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का, फर्म असेल तर २. एक बिल ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली की लागू. कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचे, मार्चचे ३० एप्रिलपर्यंत, आणि दर तिमाहीला २६-क्यू रिटर्न. ते रिटर्न गेल्याशिवाय ठेकेदाराच्या २६-एएसवर काही दिसत नाही. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेत. माझा प्रकार जुन्या कायद्यातला, म्हणून नंबर जुने.)

हे सगळं मी एका टॅक्स कन्सल्टंटवर सोपवलं होतं. सीए नव्हता, पण बोलणं असं की सीए परवडला. पहिली वर्षं काम चोख. अण्णांचे महिन्याला ३,४०० आणि फर्मचे ९,०००, असे १२,४०० रुपये मी ५ तारखेला त्याच्याच खात्यावर पाठवायचो. “तुम्ही कशाला बँकेच्या भानगडीत पडताय, मी सगळ्यांचं एकदम भरतो,” हे त्याचं वाक्य. मला ती सोय वाटली. ७ तारखेच्या आत चलनाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर यायची, मी प्रिंट काढून फाइलला लावायचो. ती चलनं मी वाचायचो म्हणाल तर, नाही. रक्कम बघायचो आणि पंच मारायचो.

एक इशारा मिळाला होता. २०२३ च्या दिवाळीआधी फर्मच्या अकाउंटंटचा फोन आला, तुमचा टीडीएस दिसत नाही. मी कन्सल्टंटला विचारलं. तो म्हणाला, रिटर्न करेक्शनला टाकलंय, दिसायला वेळ लागतो. मी तेच वाक्य जसंच्या तसं पुढं ढकललं.

अण्णा गेल्यावर रात्री फाइल घेऊन बसलो. प्रत्येक चलनावर बँक शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, तारीख आणि पाच आकडी क्रमांक असतो. एप्रिल आणि जूनच्या चलनांवर तारखा वेगळ्या, पण क्रमांक एकच. कन्सल्टंटनं दिलेला १६-ए, म्हणजे टीडीएसचं सर्टिफिकेट काढलं. ट्रेसेस या आयकर खात्याच्या पोर्टलवरून निघालेल्या १६-ए वर सर्टिफिकेट नंबर छापलेला असतो, आमच्या कागदावर ती जागाच नव्हती. घरी टाइप केलेला कागद, वर शिक्का.

सकाळी त्याला फोन केला तर म्हणे सर्व्हर डाऊन. दुसऱ्या दिवशी गावाला. तिसऱ्या दिवशी फोन बंद. शाहूपुरीतल्या त्याच्या ऑफिसला कुलूप होतं. खालचा चहावाला म्हणाला, “तुमच्याआधी चौघं येऊन गेल्यात.”

खरी मेख पुढं कळली. आमच्या टॅनला, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याच्या खातेनंबरला मोबाइल आणि ईमेल त्याचाच जोडलेला. लॉगिन, पासवर्ड, ओटीपी, सगळं त्याच्याकडं. आयकर खात्याकडून कुठला मेल आला असेल तर तो त्यालाच. ते बदलून घेण्यातच नव्या सीएचे कितीतरी दिवस गेले. मग पेमेंट हिस्टरी उघडली. मार्च २०२३ पर्यंत सगळी चलनं जागेवर. त्यापुढच्या आख्ख्या वर्षात एकही नाही.

कायद्यापुढं चूक माझी. पैसे मी कापले, म्हणून भरायची जबाबदारी माझी, मधल्या माणसानं खाल्ले हा माझा त्याचा हिशेब. २८ ऑगस्टला वर्षाचे १,४८,८०० पुन्हा भरले. व्याज महिन्याला दीड टक्का, त्याचे २५,६६८. आणि रिटर्न उशिरा भरल्याची फी दिवसाला २०० रुपये. ती त्या तिमाहीच्या टीडीएसपेक्षा जास्त होत नाही, एवढाच दिलासा. तीन तिमाह्या त्या मर्यादेला टेकल्या होत्या, चौथीचे ८९ दिवस, एकूण १,२९,४००. म्हणजे ३,०३,८६८ रुपये, आणि यात एप्रिल २०२४ पासूनचे महिने धरलेले नाहीत.

तरी बचावलो असं सीए म्हणतात. माझ्या ऑडिटच्या रिटर्नची मुदत तेव्हा ऑक्टोबरअखेर होती. तोवर टीडीएस भरला नसता तर ठेकेदारांना दिलेल्या रकमेचा ३० टक्के खर्च नामंजूर, म्हणजे २८ लाखांच्या वर रक्कम माझ्या उत्पन्नात. अण्णांना फीची घाई नसती तर मी ती मुदत उलटेपर्यंत गप्प बसलो असतो.

पोलिसांत तक्रार दिलीय. प्रकार नवी न्याय संहिता लागू व्हायच्या (१ जुलै २०२४) आधीचा, त्यामुळं जुन्या दंड संहितेची कलमं. बँक स्टेटमेंट, व्हॉट्सॲपचे मेसेज, खोटी चलनं, सगळं जोडलंय. पैसे अजून आलेले नाहीत.

आता टीडीएस मी स्वतः भरतो, माझ्या बँकेतून, माझ्या टॅनच्या लॉगिनवरून. दहा मिनिटं लागतात. टॅनला नंबर माझा आहे. कन्सल्टंट कितीही ओळखीचा असला तरी त्याच्या खात्यावर फक्त त्याची फी जाते. तुमच्या टॅनला कुणाचा मोबाइल जोडलाय ते आजच बघा. माहीत नसेल तर बहुतेक तो तुमचा नाही.

अण्णांचं रिटर्न मुदतीनंतर गेलं, त्याची लेट फी मी भरली. कॉलेजच्या फीसाठी त्यांनी मेहुण्याकडून पैसे घेतले होते, ते मात्र मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. सप्टेंबरात त्यांचा फोन आला. “दिसलं, मालक,” एवढंच म्हणाले आणि ठेवला. फर्मनं मात्र तेव्हापासून माझं काम घेतलेलं नाही.