हॉइस्टच्या ड्राइव्हमध्ये माझे ४,३६,६०० रुपये बुडाले

आमच्या भोसरीच्या शेडमधील १० टनी ईओटी क्रेनच्या (शेडच्या वरच्या रुळांवर चालणाऱ्या विजेच्या क्रेनच्या) हॉइस्टला, म्हणजे वजन उचलणाऱ्या यंत्रणेला, ११ किलोवॅटची स्लिप-रिंग मोटर होती. रोटरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) सर्किटमधील रेझिस्टन्स टप्प्याटप्प्याने कमी करून वेग वाढवण्याची ती जुनी पद्धत वजन चढवताना चालते. उतरवताना मात्र मंद, स्थिर वेग मिळत नाही आणि जुळवणी करणाऱ्या कामगारांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह, घेण्याचे ठरवले, आणि तो निर्णय मी आजही चुकीचा मानत नाही.

पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये एन्कोडरसह (मोटर किती फिरली हे मोजणाऱ्या उपकरणासह) क्लोज्ड-लूप व्हेक्टर ड्राइव्ह, म्हणजे त्या मोजणीवरून मोटरवर ताबा ठेवणारा ड्राइव्ह, ब्रेकिंग रेझिस्टर आणि हॉइस्टच्या कामासाठीची (हॉइस्ट-ड्यूटी) मोटर असे स्पष्ट लिहिले होते. किंमत ३,७०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. मी २,६१,९६० रुपये आगाऊ दिले. बसवला गेला तो पंप-पंख्यांसाठीचा साधा ड्राइव्ह, वर नवे स्टिकर लावून.

ट्रायलच्या दिवशी २ टनांचे वजन उतरवताना ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप झाला, म्हणजे व्होल्टेज फार वाढल्याने आपोआप बंद पडला. उतरणारे वजन मोटरला जनरेटर बनवते आणि ती वीज जिरवायला रेझिस्टर लागतो, हे मला ठाऊक होते. तो कुठे आहे, असे मी विचारलेही. "आतच आहे, साहेब," म्हणत पुरवठादाराने थांबण्याचा अवधी वाढवला, दुसऱ्या वेळी वजन नीट उतरले आणि मी उरलेल्या १,७४,६४० रुपयांचा धनादेश लिहून दिला. एवढी उष्णता त्या बंद पेटीत जिरणार नाही, मोटरच्या मागून एन्कोडरची केबलही निघालेली नाही, हे सारे डोळ्यांसमोर होते. पण क्रेन अकरा दिवस बंद होती, ऑर्डर खोळंबली होती. त्या अवस्थेत कोणीही सही केली असती.

ट्रायलनंतर नवव्या दिवशी ७ टनांची चौकट उचलून मध्येच थांबवली आणि पुन्हा वर घेताना ब्रेक सुटला, तेव्हा मोटरमध्ये पुरेसा टॉर्क (फिरवण्याचा जोर) नव्हता. चौकट फूटभर घसरली. खाली कोणी नव्हते, हे नशीब. टॉर्कची खात्री झाल्यावरच ब्रेक उघडणारी व्यवस्था ज्यात नाही, तो ड्राइव्ह हॉइस्टला लावू देऊ नका. ट्रायल पूर्ण वजनाने, उतरवताना घ्या. तोवर एक रुपयाही देऊ नका.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्यांनंतर हा दिवाणी वाद असल्याचे सांगण्यात आले. ग्राहक आयोगाकडे जावे, तर व्यावसायिक कामासाठीची खरेदी त्या कायद्यात बसत नाही. लघुउद्योगांच्या तक्रार कक्षात पुरवठादाराची थकबाकी वसूल करून देतात, खरेदीदाराची फसवणूक ऐकून घेत नाहीत. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम २९ प्रमाणे क्रेनची बारा महिन्यांतून एकदा तपासणी करून घेण्याची जबाबदारी माझी होती. असला ड्राइव्ह खपवणाऱ्याला मात्र साधी नोटीससुद्धा नाही!

मोटर चालवणारे जुने पॅनेल बायबॅकमध्ये (नव्याच्या बदल्यात) देऊ नका. माझे पुरवठादाराने ट्रायलच्याच संध्याकाळी उचलून नेले, त्यामुळे जुनी मोटर जोडून काम सुरू करणेही आता शक्य नाही.