लपाछपी: उसातलं घर आणि तुळसाबाईची माया

वाळवा तालुक्यात वस्तीवर वाढलेल्या माणसाला उसाची भीती समजावून सांगावी लागत नाही. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेला, ऊस वर्षाचा झाला की डोक्याच्या वर जातो, लोळतो, एकमेकांत गुंततो. सरीत चार पावलं टाकली की बांध दिसेनासा होतो आणि हाक कुठून आली ते कळत नाही. विशाल फुरियांच्या २०१७च्या ‘लपाछपी’ या भयपटानं ही जागा बरोबर हेरलीय. वाडा नाही, स्मशान नाही. चारी बाजूंनी ऊस आणि मधे एक घर.

नेहा (पूजा सावंत) आठ महिन्यांची गरोदर आहे. नवऱ्यानं कर्ज करून ठेवलंय, देणेकरी मागे लागलेत, म्हणून ड्रायव्हर भाऊराव दोघांना आपल्या गावी आणतो. तिथं त्याची बायको तुळसाबाई. पुढचं सांगत नाही.

तुळसाबाईसाठी मात्र हा सिनेमा बघाच. उषा नाईक आवाज फारसा न चढवता घाबरवतात. पोटुशीला जपणं, दटावणं, हे करू नको, तिकडं जाऊ नको, ही सगळी आपल्याच घरातली भाषा. माया कुठं संपते आणि राखण कुठं सुरू होते, ते नेहाला कळत नाही, आपल्यालाही बराच वेळ कळत नाही. मी अंगणवाडीत गरोदर बायकांच्या नोंदी ठेवते. पहिली मुलगी असलेल्या बाईचं नाव यादीतून मधेच गळतं, घरी विचारायला गेलं तर सासू चहा ठेवते आणि “पडलं” एवढंच म्हणते. तो चहा मला या सिनेमात दिसला. मार्च २०१७मध्ये आमच्याच सांगली जिल्ह्यात म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले आणि जुलैत हा सिनेमा लागला. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४चा आहे. तेव्हा भूत कशाला दाखवलं असं कुणी विचारू नये.

अनिल गवसांचा भाऊरावही नेमका. परंपरा बायकांच्या तोंडून बोलते आणि पुरुष ओसरीवर गप्प बसून तिचा लाभ घेतात, हे त्याच्या नुसत्या वावरण्यातून कळतं.

खटकलं ते शेवटाकडे. जे डोळ्यांनी पाहिलं तेच संवादांतून पुन्हा समजावलं जातं आणि भाषण होतं. दचकवण्यासाठी मधेच वाढवलेला आवाजही नको होता. पाल्याची सळसळ पुरेशी होती. पूजा सावंतनं मात्र दिवस भरत आलेल्या बाईचं चालणं, उठताना भिंतीला हात लावणं मनापासून केलंय.

फुरियांनीच २०२१मध्ये याचा हिंदीत ‘छोरी’ केला. मीता वशिष्ठ त्यात दमदार आहेत, पण आधी मराठी बघा. तुळसाबाईच्या तोंडची ती बोली आपल्या कानाला ओळखीची आहे, म्हणून ती जास्त लागते.