‘तीन नंबर’ म्हणून गळ्यात मारलेला फ्लाय रॉड

परदेशी पाहुण्यांनी जाताना विकून टाकलेल्या वस्तूंचा गोव्यात बार्देशच्या किनारपट्टीवर एक वेगळाच बाजार आहे. सर्फबोर्ड, तंबू, दुर्बिणी, गिटार, काय वाटेल ते मिळतं. त्यातला बराचसा माल खरा असतो आणि म्हणूनच खोटा माल बेमालूम खपतो. तिथल्या एका दुकानात मला ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलका, फ्लाय रॉड (पिसांची नकली माशी फेकून मासे धरायची काठी) विकण्यात आला. तो मुळात फ्लाय रॉड नव्हताच. आपल्याकडची गरवणारी मंडळी हल्ली हिमाचल-काश्मीरच्या वाऱ्या करू लागली आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

कुल्लूकडच्या तीर्थन नदीवर जायचं मेव्हण्याने ठरवलं होतं. इंग्रजांच्या काळात आणून सोडलेली ब्राउन ट्राउट तिथे चांगली रुळली आहे. परवाना काढावा लागतो आणि 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउट पकडायला बंदी असते. आम्ही ऑक्टोबरात निघणार होतो, त्यामुळे हातात वेळ थोडा. गप्पांच्या ओघात हे दुकानदाराला कळलं आणि त्याला तेवढं पुरलं.

आपल्या खाडीत चोणक किंवा तांबोशीसाठी जो रॉड चालतो, तो तिथे कामाचा नाही. साध्या गरीत वजन टोकाला असतं. शिसं किंवा चमचा (धातूचं चमकतं आमिष) भिरकावला की दोरी त्याच्यामागून जाते. फ्लायमध्ये सगळं उलटं. पिसांची माशी फुंकरीने उडेल इतकी हलकी असते, तिला पुढे नेते ती लाइन, म्हणजे जाडसर, वजनदार दोरी. म्हणून लाइनीला वजनाचे नंबर असतात आणि रॉडवर त्याच्याशी जुळणारा नंबर छापलेला असतो. लाइनीच्या पहिल्या 30 फुटांचं वजन धरतात: 3 नंबरला 100 ग्रेन, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. 5 नंबरला 140 ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅम. ट्राउटसाठी सरसकट वापरतात तो 9 फुटी 5 नंबर. 3 आणि त्याखालचे अल्ट्रालाइट. लहान ओढ्यात, गुडघाभर नितळ पाण्यात लाइन अलगद पडली पाहिजे, नाहीतर मासा दगडाखाली शिरलाच म्हणून समजा.

दुकानदार तरुण, पेडण्याकडचा, बोलायला गोड. "काका, एक इंग्लिश माणूस जाताना देऊन गेला. आयएम-8 कार्बन आहे, 3 नंबर. नवा घ्याल तर साठ-सत्तर हजारांच्या खाली नाही मिळणार." त्याने 14,000 सांगितले, रीळ आणि लाइनीसकट. मुठीच्या जरा वर, हिरव्या धाग्याच्या गुंडाळणीला अगदी लागून, रॉडवर ‘3’ छापलेलं होतं. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे बघा, कंपनीचं छापलेलं."

आयएमचं सांगायचं तर आयएम-6, आयएम-7 ही हेक्सेल या अमेरिकी कंपनीच्या कार्बन धाग्यांची व्यापारी नावं. रॉडच्या दर्जाचं ते सरकारी माप नव्हे. पुढचा आकडा मोठा म्हणजे रॉड चांगला, असं काहीही नाही. पण दुकानात हा आकडा कानावर पडला की माणूस निम्मा विकत गेलेला असतो.

खरी हुशारी पुढे होती. "असाच नका घेऊ, फेकून बघा," म्हणत त्याने मला मागच्या माळरानावर नेलं. रीळ आधीच चढवलेलं होतं. दोन-चार झोके घेतले तर रॉड कमानीसारखा छान वाकतोय, लाइन सुळकन पुढे जातेय. मी सोबत नेलेला मित्रही म्हणाला, "झकास आहे रे." तो मुंबईत फ्लाय शिकून आलेला, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन. पैसे यूपीआयने दिले. बिलाचं विचारल्यावर उत्तर आलं, "सेकंडहँडला कसलं बिल, काका? उगाच जीएसटी कशाला भरता?"

तीर्थनवर पहिल्याच डोहाशी सगळं उघडं पडलं. लाइन पाण्यावर पडली ती चापट मारल्यासारखी. जवळच्या फेकीत रॉड ढिम्म वाकेना. बंजारकडचा आमचा गाइड काही वेळ नुसता बघत राहिला, मग म्हणाला, "भाईसाहब, लाइन तीन नंबर की नहीं है।" त्याने आपला रॉड दिला, म्हणून वारी फुकट गेली नाही. त्या मासेमारीबद्दल इथे लिहीत नाही.

फोंड्याला परतल्यावर वरच्या बाजारातल्या ओळखीच्या शेटकडे गेलो. सोनाराचा काटा मिलीग्रॅम दाखवतो. रिळावरून 30 फूट लाइन मोजून कापली, गुंडाळी केली आणि काट्यावर ठेवली. शेटने चष्मा वर करून विचारलं, "हे काय, नवीन प्रकारची चेन?" काट्यावर बाराच्या आसपास ग्रॅम आले. म्हणजे 185 ग्रेन, चक्क 7 नंबर. खाडीत चोणकाच्या मागे लागणारे परदेशी वापरतात ती लाइन. एखाद्याची उरलेली पडली असणार दुकानात.

आता माळरानावरची जादू कळली. ताठ रॉडवर जड लाइन चढवली की तो वाकतो आणि नाजूक असल्यासारखा भासतो. मग रॉड होता तरी काय? मुठीवरचा हिरवा धागा ब्लेडने हळूहळू सोडवला. ‘3’च्या पुढे, वार्निशाखाली दडलेलं, बाकीचं बाहेर आलं: ‘–12 ग्रॅम’. म्हणजे हा तीन ते बारा ग्रॅमचा चमचा फेकायचा साधा स्पिनिंग रॉड. जुनी मूठ उतरवून त्याने रीळ अगदी बुडाशी बसवलं होतं, फ्लाय रॉडला असतं तसं. बुचाच्या नव्या मुठीच्या पुढे जुन्या डिंकाचा पिवळट वळसा अजून दिसत होता. लाइन ओवायची पहिली मोठी कडी काढून टाकलेली, तिच्या पायाची खूण रंगाखाली बोटाला लागत होती. साडेसात फुटांवर उरल्या होत्या पाच कड्या. फ्लाय रॉडला साधारण फुटामागे एक आणि टोकाची वेगळी, इतक्या लागतात. कमी असल्या की लाइन मध्ये झोळ खाते. पोसऱ्याच्या, म्हणजे किराणावाल्याच्या, काट्यावर रॉडचं वजन भरलं 131 ग्रॅम. त्या मापाचा कार्बनचा 3 नंबर सत्तर-ऐंशी ग्रॅममध्ये बसतो. शिवाय खरवडलेल्या जागी आत पांढुरके तंतू दिसले, म्हणजे फायबरग्लास. फायबरग्लास काही वाईट नसतं. लहान ओढ्यांसाठी हौसेने घेणारे आहेत. पण मग कार्बनचे पैसे कशाचे?

म्हणून घेताना रॉड आणि लाइन वेगवेगळी तपासा. रॉड दुकानदाराचा असेल तर ज्या लाइनीचा नंबर तुम्हाला पक्का माहीत आहे अशी कुणाची तरी लाइन मागून न्या आणि तिच्यावरच फेकून बघा. वजनकाटा खिशात मावतो. आयात केलेला नवा माल असेल तर पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी असलंच पाहिजे. जुन्या मालावर ते नसेल, तर निदान रॉडवरचा पूर्ण छापील मजकूर वाचायला मिळाला पाहिजे. आकड्याला लागून धागा गुंडाळलेला दिसला तर तिथेच थांबा.

दुकानदाराचं पहिलं उत्तर ठरलेलं: "सेकंडहँड माल परत नाही." मी त्याला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा लिहून पाठवला. बिल न देणं ही त्यात अनुचित व्यापारप्रथा धरली आहे. बिलात मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणंही त्यातच मोडतं. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, हेही कळवलं. यूपीआयचा स्क्रीनशॉट, शेटच्या काट्यावरचा फोटो आणि उलगडलेल्या धाग्याखालचा ‘3–12’ हे तिन्ही सोबत जोडले. हे दुकान होतं म्हणून एवढं तरी करता आलं. खासगी माणसाकडून घेतलं असतं तर हा रस्ता नव्हता.

शेवटी त्याने 9,000 परत केले आणि रॉड ठेवून घेतला. लाइन मी कापली म्हणून बाकीचे कापले, असं त्याचं म्हणणं. मीही जास्त ताणलं नाही.

तोच रॉड आता पुन्हा विक्रीला लागलाय, या वेळी ‘4 नंबर, ग्रॅफाइट’ (म्हणजे पुन्हा कार्बनच) म्हणून. आकड्याच्या जागी आता चिकटपट्टी आहे. तुम्हाला कुठे दिसला तर मुठीजवळची गुंडाळणी बघा. बाकी सगळा धागा गडद हिरवा आहे, आणि मी उलगडलेल्या जागी त्याने पोपटी गुंडाळलाय.