मार्कोस आणि दुतेर्ते: एकाच देशातले दोन हुकूमशहा
फिलिपिन्सचा फर्डिनांड मार्कोस संसदेत मुरलेला गडी: १९४९ मध्ये खासदार, पुढे सेनेटचा अध्यक्ष, १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष. दोन कार्यकाळांची मर्यादा आड येऊ लागली, तेव्हा १९७२ मध्ये त्याने लष्करी कायदा पुकारला, विरोधक तुरुंगात टाकले आणि नवी राज्यघटनाच आणली. सगळं कागदोपत्री चोख. वकील होता ना! १९८६ च्या जनउठावानंतर मात्र अमेरिकेतलं हवाई बेट गाठावं लागलं.

रॉड्रिगो दुतेर्तेही वकीलच, पण दावाओ शहराच्या महापौरपदावर घडलेला. २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची मुदत संपताच तो पायउतार झाला. त्याची दहशत रस्त्यावरची: अमली पदार्थांविरोधी मोहिमेत हजारो माणसं मारली गेली. मार्कोसला वीरांच्या दफनभूमीत जागा २०१६ मध्ये त्यानेच दिली. २०२५ मध्ये दुतेर्तेला अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे धाडलं, ते मार्कोसच्या मुलाच्या सरकारने.