रेंज नसलेल्या घाटात रस्ता बंद झाला तर: ओएसएमअँड काही महिने वापरल्यानंतर

डोंगरातला ठरलेला रस्ता मोकळा असेल तर कुठलाही नकाशा चालतो. ओएसएमअँड या इंटरनेटशिवाय चालणाऱ्या नकाशा-ॲपचा खरा उपयोग कळतो तो पुढे दरड कोसळलेली असते किंवा वर बर्फ पडलेला असतो, रेंज नसते आणि गाडी वळवावी लागते तेव्हा.

गूगल मॅप्सच्या ऑफलाइन नकाशात गाडीचा मार्ग मिळतो, पर्यायी मार्ग मिळत नाहीत. ओएसएमअँडला मात्र ‘हा रस्ता बंद आहे’ हे आपण सांगू शकतो. बंद तुकड्यावर बोट दाबून धरा आणि कृतींच्या यादीतून तो रस्ता टाळायला सांगा. नवा मार्ग फोनवरच निघतो. आधी भरपूर झूम करा. घाटात नागमोडी वळणांचे पट्टे एकमेकांना चिकटून दिसतात आणि वरचा टाळायचा तर खालचा निवडला जातो. रस्ता सुरू झाला की ती खूण काढायला विसरू नका, नाहीतर पुढच्या खेपेला उगाच लांबून फेरा पडेल.

कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय चालू ठेवाच, पण त्यावर विसंबू नका. माहिती ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे लोकांनी भरलेली. रस्ता डांबरी की मातीचा हे कुणी नोंदवलंच नसेल तर ॲपला कळणार कसं?

सगळ्यात मोलाच्या आहेत समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या नकाशावरच्या रेषा; त्यांवरून रस्ता किती उंचावर जातो ते कळतं. चढताना दर 1000 मीटरला हवा सरासरी 6.5 अंशांनी थंड होते. पायथ्याशी 8 अंश असतील तर 1500 मीटर वरच्या खिंडीत पारा शून्याखाली असू शकतो. अशा वेळी 40 किलोमीटर जास्त पडले तरी खालून जाणारा वळसा घ्यावा. मुसळधार पावसात हिशेब उलटतो: खालच्या रस्त्यावर ओढे आडवे येतात, आणि 30 सेंटीमीटर वाहतं पाणीही लहान गाडी ओढून नेऊ शकतं.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. पण रेंज नसताना उपग्रहांच्या कक्षांची माहिती थेट त्यांच्याकडूनच, सेकंदाला 50 बिट इतक्या संथपणे येते. मोकळ्या आकाशाखाली अर्धा मिनिट, अरुंद दरीत कितीतरी जास्त. म्हणून फोन निघतानाच जीपीएस पकडून ठेवलेला असावा.

आणि नकाशे उतरवताना शेजारच्या प्रदेशाचाही घ्या. वळसा बऱ्याचदा हद्दीपलीकडूनच जातो.