महिलांसाठी कोटा की पगारातली पारदर्शकता?

नॉर्वेने २००३ साली कायदा केला: मोठ्या भागभांडवली कंपन्यांच्या संचालक मंडळात स्त्री आणि पुरुष दोघांचाही वाटा साधारण ४० टक्के हवाच. २००८ पर्यंत आकडा गाठला गेला, कारण न पाळणारी कंपनी थेट बरखास्त होऊ शकत होती. एवढा धाक असल्यावर कायदा चालणारच! पण वरच्या खुर्च्या भरल्या म्हणून खालच्या पायऱ्यांवरच्या बायकांचे पगार फारसे हलले नाहीत.

दुसरा मार्ग पगार उघड करण्याचा. ब्रिटनमध्ये २०१७ पासून २५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तफावत जाहीर करावी लागते. तफावत मोठी निघाली तरी दंड मात्र नाही. डेन्मार्कच्या अशाच २००६ च्या कायद्याने तफावत थोडी घटली, पण मुख्यतः पुरुषांची पगारवाढ मंदावल्यामुळे. आइसलँडने २०१८ पासून उलटाच डाव टाकला: २५ किंवा अधिक कर्मचारी असतील, तर समान वेतन देतो हे कंपनीनेच सिद्ध करायचं. तक्रार करत फिरायचं ओझं बाईवर नाही.

माझं मत आइसलँडच्या बाजूने. मूल झाल्यावर बाईचा पगार जो मागे पडतो, तो मात्र कोटा आणि पारदर्शकता या दोन्ही उपायांच्या फारसा हाती लागत नाही.