शाळेचा पालकांशी संवाद सोशल मीडियावर : वर्षभर वापरल्यानंतर

मी प्राथमिकची वर्गशिक्षिका. गेलं संपूर्ण शैक्षणिक वर्ष आमच्या शाळेचा पालकांशी रोजचा संपर्क व्हॉट्सॲप कम्युनिटी, शाळेचा एक स्वतंत्र नंबर आणि फेसबुकचं पान यांवर चालला. घाईत असलेल्यांसाठी मत आधीच सांगते. सूचना, चर्चा आणि एकेका मुलाबद्दलचं बोलणं यांना वेगवेगळ्या जागा दिल्या तर या माध्यमाचा शाळेला फार उपयोग होतो. सगळं एकाच ग्रुपमध्ये कोंबायचं असेल तर त्यापेक्षा डायरीत चिठ्ठी चिकटवलेली बरी.

त्याआधी प्रत्येक वर्गाचा एक साधा ग्रुप असायचा. सकाळी चाचणीची तारीख टाकली की तिच्याखाली 'ओके मॅडम', 'थँक्यू', जोडलेले हात, मग कुणाचा तरी वाढदिवस. दुपारपर्यंत मूळ सूचना वर कुठेतरी गडप झालेली असायची आणि संध्याकाळी तीच विचारणा पुन्हा. हा त्रास होता, पण निभावून नेण्यासारखा. एका रात्री मात्र एका आईने वर्गातल्या एका मुलाचं नाव घेऊन ग्रुपवर लिहिलं की तो माझ्या मुलाला मारतो. त्यावर त्याच्या घरचं उत्तर, मग तिसऱ्याची साक्ष, मग चौथ्याचा सल्ला. दुसऱ्या दिवशी ती दोन्ही मुलं एकाच बाकावर बसून चित्र रंगवत होती आणि त्यांच्या घरच्यांचं बोलणं बंद झालं होतं. सहा-सात वर्षांच्या मुलाचं नाव असं घरोघरी जाणं मला आजही सहन होत नाही. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनवरून काढता येतो हे खरं, पण तोवर तो वाचला गेलेला असतो.

कम्युनिटीची सोय २०२२ च्या नोव्हेंबरपासून सगळ्यांसाठी आली. तिच्यात सूचनांचा एक ग्रुप आपोआप तयार होतो, तिथे नवी सूचना फक्त ॲडमिन टाकू शकतात आणि वर्गांचे ग्रुप त्या एका छताखाली येतात. आमच्या दृष्टीने मोठा फायदा असा की सूचनांच्या ग्रुपमध्ये पालकांचे नंबर एकमेकांना उघड होत नाहीत. ॲडमिनला दिसतात, आणि ज्यांच्याकडे ते आधीच सेव्ह असतील त्यांना. ज्या आईला आपला नंबर अनोळखी माणसांपर्यंत जायला नको, तिला शाळेची सूचना मिळण्यासाठी आता तडजोड करावी लागत नाही. वर्गाच्या ग्रुपमध्ये मात्र नंबर दिसतात, म्हणून तिथे यायचं की नाही हे आम्ही पालकांवर सोडलं. जे आले नाहीत त्यांचं काही अडलं नाही.

मुलाबद्दलचं बोलणं शाळेच्या स्वतंत्र नंबरवर. तिथे व्हॉट्सॲप बिझनेस घातलं आहे. ते फुकट आहे आणि त्यात ठरवलेल्या वेळेनंतर आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे. आमचं उत्तर असं: 'तुमचा निरोप पोचला. उद्या शाळेच्या वेळेत बोलू. तातडीचं असेल तर फोन करा.' एवढ्या तीन वाक्यांनी शिक्षकांची संध्याकाळ परत मिळवून दिली. शिक्षकांचा खाजगी नंबर पालकांकडे असलाच पाहिजे, हा आग्रह शाळांनी सोडावा असं मला मनापासून वाटतं. रात्री साडेदहाला गृहपाठाचं पान मागणाऱ्या पालकाची गरज खरी असते, पण समोरच्या माणसालाही घर असतं.

आता ज्यासाठी मुळात हे लिहायला बसले ते. सूचना पोचवणं हे या माध्यमाचं छोटं काम आहे. "आज शाळेत काय केलं?" या प्रश्नाला घरोघरी "काही नाही" हेच उत्तर मिळतं. म्हणून रोज एक फोटो आणि त्याच्याबरोबर मुलाला विचारायचा एक नेमका प्रश्न टाकायला सुरुवात केली. ओल्या कापसात मूग घातले तेव्हा वाटीचा जवळून फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'आज घरी विचारा: बियातून आधी काय बाहेर आलं, मूळ की कोंब? आणि वाटी आडवी केली तर मूळ कुठे वळेल?' दुसऱ्या दिवशी मुलं घरच्यांचे अंदाज घेऊन आली. कुणाच्या आजोबांनी पैज लावली होती, कुणाच्या बाबांनी घरी दुसरी वाटी मांडली होती. जे वडील पालकसभेला कधीच फिरकले नव्हते, त्यांनी शाळेच्या नंबरवर त्या वाटीचा फोटो पाठवला. मूळ खाली वळलं होतं. पुढच्या सभेला ते आले, मागच्या रांगेत बसले आणि मुलाच्या वाचनाबद्दल दोन चांगले प्रश्न विचारले. सूचना कितीही वेळेवर पाठवल्या असत्या तरी त्या माणसाला शाळेपर्यंत आणू शकल्या नसत्या.

प्रश्न नेमका हवा. 'आज परिसर अभ्यासात बीजांकुरण शिकवलं' असं लिहिलं की लोक अंगठा दाखवून पुढे जातात.

दुसरी मोठी शिकवण आवाजाची. आमच्या पालकांत लिहिलेलं सहज न वाचू शकणारे आहेत, घरी दुसरी भाषा बोलणारे आहेत, आणि नातवाला सांभाळणाऱ्या आज्या आहेत ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही. महत्त्वाची प्रत्येक सूचना आता लिहून आणि बोलून, अशी दोन्ही जाते. बोललेली अर्ध्या मिनिटापेक्षा लांब नको, आणि तारीख दोनदा सांगायची. सूचनेचं पत्रक फोटो काढून टाकण्याची पद्धत मात्र बंद केली. फोटोतली अक्षरं फोनच्या पडद्यावर वाचवत नाहीत आणि नंतर शोधायला गेलं तर सापडत नाहीत. टाइप केलेल्या मेसेजमध्ये चूक राहिली तर पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्तही करता येते.

सभेची वेळ ठरवायला पोल उत्तम. पण कुणी कुठे मत दिलं हे सगळ्यांना दिसतं, तेव्हा फी किंवा कुणाची अडचण उघड करणारा विषय पोलवर घेऊ नये.

फेसबुकच्या पानाबद्दल मी कमी उत्साही आहे. पान सगळ्या जगाला खुलं, आणि पोस्ट प्रत्येक पालकाच्या फीडमध्ये येईलच असं नाही. तिथे फक्त जाहीर कार्यक्रम, मुलांची चित्रं आणि विज्ञान प्रदर्शन एवढंच ठेवलं. मुलांचे चेहरे नाहीत. हात, वह्या, पाठमोरी रांग यांतही वर्ग पुरेसा दिसतो. प्रवेशाच्या वेळी संमतीपत्रात तीन पर्याय दिले: फोटो शाळेच्या पानावर चालेल, फक्त वर्गाच्या ग्रुपमध्ये चालेल, कुठेच नको. 'कुठेच नको' म्हणणाऱ्यांना कारण विचारायचं नाही. आई-वडील वेगळे झालेले असतात, मूल कुठल्या शाळेत आहे हे एखाद्याला कळू नये अशी खरीखुरी भीती असते, आणि ती त्यांनी ऑफिसात उभं राहून सांगावी अशी अपेक्षा करणं निर्दयपणाचं आहे.

उणीव राहते ती 'वाचलं' आणि 'समजलं' यांतल्या अंतराची. वर्गाच्या ग्रुपमध्ये मेसेजची माहिती उघडली की कुणी वाचला ते दिसतं, निळी टिक बंद ठेवणाऱ्यांचंही. त्यावरून कुणाला जाब विचारायचा नाही असं आम्ही शिक्षकांनी ठरवलं. ज्यांच्यापर्यंत सलग काही दिवस काहीच पोचत नाही, त्यांना फोन करायचा. बहुतेक वेळा नंबर बदललेला असतो, रिचार्ज संपलेलं असतं किंवा घरातला एकमेव फोन कामावर गेलेला असतो. मूल मागे पडतंय, हे सांगायचं असेल तर मात्र आम्ही मेसेज करतच नाही, भेटायलाच बोलावतो.

नवीन वर्षाच्या फॉर्ममध्ये म्हणून तीन रकाने वाढवले आहेत: दुसऱ्या पालकाचा नंबर, निरोप लिहून हवा की बोलून, आणि फोन घरात कुठल्या वेळी असतो.